हवाबीची पाच बोटं

हवाबीची आणि माझी ओळख कानाखाली झाली. म्हणजे माझ्या कानाखाली, तिच्या हाताने. मालवण बंदराजवळ माझा बर्फाचा डेपो आहे. तेव्हा तो नवा होता आणि मीही धंद्यात नवा. रांगेत ती पुढे उभी होती, पण लादी मी मागच्या एका ओळखीच्या माणसाला दिली. हवाबीने टोपली खाली ठेवली, पदर खोचला, पुढे आली आणि माझा डावा गाल रंगवला. मग दुसरी लादी स्वतःच ओढून घेऊन गेली. दिवसभर माझ्या कानात कुकरची शिटी वाजत होती. दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने पहिली लादी तिला दिली, आणि तेव्हापासून आमचं बरं जमतं.

बाईमाणसाने असं हातघाईवर यावं का, असं विचारणारे शहाणे मालवणात पुष्कळ आहेत. त्यांना मी डेपोवर उभं करत नाही. पहाटेच्या लिलावाला एकदा बंदरावर येऊन बघा म्हणावं. सुरमईच्या एका ढिगासाठी माणसं एकमेकांच्या पायावर खोके टाकतात. तिथे जिचा हात चालत नाही, तिची टोपली चालत नाही. हवाबीचा चालायचा. एका दलालाचं नाक तिने मोरी माशाच्या शेपटीने फोडलं होतं. ती मोरीही तिने नंतर विकली.

हे सगळं सुरू झालं तिच्या नवऱ्यापासून. याकूब ट्रॉलरवर खलाशी होता. दारू नाही, पत्ते नाहीत, व्यसन एकच, घरी आला की बायकोला मारायचं. आचऱ्याला त्यांच्या घरातून ताटं आदळल्याचे आवाज यायचे आणि शेजारी आपापल्या घरातला रेडिओ मोठा करायचे. हवाबीने ते सोसलं. एक दिवस तिच्या कडेवरची इल्मा रडायला लागली आणि याकूबने पोरीवर हात उगारला. त्या दिवशी हवाबीने भिंतीला टेकवलेलं वल्हं उचललं. याकूबच्या खांद्याचं हाड मोडलं. गळ्यात हात बांधून तो वेंगुर्ल्याकडे गेला तो पुन्हा आला नाही. पुढे तिकडेच वारला असं कळलं. हवाबीने ती बातमी माझ्या डेपोवर उभी राहून ऐकली आणि विचारलं, "बर्फ भरलंस काय रे?"

एवढंच तिचं आयुष्य होतं बघा. पोरीच्या अंगाला कोणाचा हात लागता कामा नये. त्यासाठी ती सगळ्या गावाला मारायला तयार होती. पण इल्मावर तिने स्वतः कधी बोट उगारलं नाही. इल्माने पाण्याचा हंडा फोडला, शेजाऱ्याची बोट दोरी सोडून वाहवत नेली, दहावीला गणितात गटांगळी खाल्ली, तरी नाही. हे लक्षात ठेवा.

दुसरा माणूस बाळा. कसालच्या आत, रस्ता सोडून आतल्या एका वाडीतला शेतकरी. काजू, आंबा, थोडं भात. बाजाराच्या दिवशी तो मालवणात माझ्या डेपोसमोर गोणपाट पसरून बसायचा. काजूच्या डिकाने त्याची बोटं कायम काळी आणि सोललेली. बाजारातल्या बसायच्या जागेवरून एकदा चार कोळ्यांनी हवाबीची टोपली लाथेने उडवली, तेव्हा हा मधे पडला. कोणीतरी तराजूतलं वजन फेकून मारलं, ते हवाबीला न लागता बाळाच्या कपाळाला लागलं. हवाबीने आपला पदर फाडून त्याचं डोकं बांधलं आणि मग वजन फेकणाऱ्याला जेट्टीवरून पाण्यात ढकललं. तेव्हापासून बाळा तिचा भाऊ आणि इल्माचा मामा. दर वर्षी ओल्या काजूगरांची पहिली पुडी इल्माला. हवाबीकडून बाळाच्या घरी बांगडे. या नात्यात कोणाची जात, कोणाचा देव आडवा आला नाही, आणि मी ते कौतुकाने सांगतोय असंही नाही. आमच्याकडे असं असतंच.

आता लोबानाचं. इल्मा तिसरीत असताना शाळेत स्नेहसंमेलन होतं. हवाबी विक्री आटपून तशीच गेली. वर्गातली एक पोरगी नाक दाबून म्हणाली, "इल्माच्या आवशीक मासळेचो वास येता." सगळी पोरं हसली. आणि इल्मा, आठ वर्षांची, आईने जवळ घेतलं तर मागे सरकली. त्या पोरीच्या बापाला हवाबीने शाळेच्या फाटकातच बडवला, तो भाग वेगळा. पण त्या संध्याकाळी तिने किराणा दुकानातून लोबान आणला. निखाऱ्यावर टाकला, ओले केस त्या धुरावर सुकवले, हात धुरात धरले. पुढे पुढे लोबानाचे खडे कुटून ती खोबरेल तेलात मुरवून ठेवायला लागली. घरी आली की आंघोळ, मग धुरी, मग ते तेल कोपरापर्यंत. तोपर्यंत पोरीने जवळ यायचं नाही. वर्षानुवर्षं हाच नेम. इल्माला आईचा वास विचारला तर ती लोबानच सांगेल.

इल्मा बावीस वर्षांची झाली. मालवणात पर्यटकांच्या बोटींचं बुकिंग घेणाऱ्या एका ऑफिसात बसायची. कसालच्या एका हार्डवेअरवाल्याच्या मुलाचं, मुझफ्फरचं स्थळ आलं. दुकान मोठं, घर स्लॅबचं, मुलगा दिसायला गोरागोमटा. हवाबी हरखली. लग्न मे महिन्यात ठरलं. मार्च लागताच तिने पोरीच्या अंगाला रोज ते लोबानाचं तेल चोळायला सुरुवात केली. गळा, मान, दंड, गाल. मासे विकणारीच्या घरातली पोर सासरी वास घेऊन गेली असं कोणी म्हणता कामा नये, म्हणून.

आठवड्याभरात इल्माच्या मानेवर पुरळ उठलं. तिला तशी आधीपासून पापण्यांना, मानेला अधूनमधून खाज यायची, ती घामोळं म्हणून सोडून द्यायची. या वेळी पुरळाचे फोड झाले, फोडांतून पाणी वाहायला लागलं, चेहरा सुजला. हवाबीने नजर लागली म्हणून खोलीत दार लावून लोबानाची धुरी केली. दुसऱ्या सकाळी इल्माचे डोळे उघडेनात.

माझ्या टेम्पोतून मी दोघींना कुडाळला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डॉक्टर संचिता म्हणून आहेत, तरुण आहेत पण नीट बघतात. मी बाहेर टेम्पोत होतो, आत काय झालं ते नंतर इल्माने सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "काही नवीन लावलंत का? अत्तर, साबण, क्रीम? घरात ऊद घालता?"

ऑफिसात, दवाखान्यात गेलं की हवाबीही आमच्यासारखी पुस्तकी बोलते. ती म्हणाली, "ऊद आमच्यात नाही घालत. तो हिंदू लोकं घालतात. आणि बाजारचं काही मी पोरीला लावतच नाही. घरचं खोबरेल फक्त."

डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या, आठवड्याने या म्हणाल्या. घरी येऊन हवाबीने ते मलम लावलं. कोणत्या हातांनी लावलं ते सांगायला नको.

बाजाराचा दिवस होता. हवाबी माझ्या डेपोवर बर्फ भरत होती. रात्रभर पोरीजवळ बसून तिचे डोळे लाल झाले होते. कसालहून भिकाजी टेम्पो घेऊन आला होता. या भिकाजीच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो म्हणाला, "हवाबी, तुझ्या इल्माच्या लग्नात बाळान बिब्बो घातल्यान म्हणान कसालात बोलतत. तेनाच चायच्या टपरीर सांगल्यान."

आता बिब्बा घालणं म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. ठरलेल्या कामात कोणी मोडता घातला की आपण म्हणतो, याने बिब्बा घातला. पण बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर माणूस उततो, फोड येतात, कातडी सोलते, हेही सगळ्यांना माहीत. जिच्या घरात पोर फोडांनी आंधळी होऊन पडली आहे, तिला पहिला अर्थ कुठून सुचणार? मी तिच्याकडे बघितलं. तिला आठवत होतं ते मलाही आठवलं. दहा-बारा दिवसांपूर्वी बाळा काजूगर घेऊन आला होता. आपल्या त्या काळ्या, डिकाने माखलेल्या बोटांनी त्याने इल्माचा गाल थोपटला होता.

समोर बाळा गोणपाटावर बसलेला होता. हवाबीने मासे तोडायचा कोयता उचलला आणि रस्ता ओलांडला. मी लादी टाकून मागे धावलो.

"काय घातलंस रे माझ्या पोरीक?" तिने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. ती ओरडते तेव्हा भीती नसते.

बाळाला इल्माच्या फोडांचं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या डोक्यात लग्न. तो मान वर करून शांतपणे म्हणाला, "घातलंय ता तिच्या बऱ्यासाठी. बिब्बो घातलंय आनी येळ इली तर परत घालतलंय."

कोयता खांद्याच्या रोखाने आला. बाळाने डावा हात आडवा धरला. आवाज नारळ फोडल्यासारखा झाला. करंगळी लोंबायला लागली आणि शेजारच्या बोटाचं हाड पांढरं दिसलं. मग रक्त आलं, आणि काजूच्या बियांवर पसरलं. हवाबीने दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मी तिला मागून कवेत धरलं. तिने डोकं मागे आपटलं. माझा पुढचा एक दात अजून हलतो. तेवढ्यात बाजार धावला. कोणी तिचे केस धरले, कोणी पाठीत लाथ घातली, ती एकाच्या मनगटाला चावली, तो किंचाळत तिच्या तोंडावर ठोसे मारत राहिला. मीसुद्धा दोघातिघांना ठेवून दिल्या, कोणाला ते बघितलं नाही. या सगळ्याखाली बाळा कापलेला हात पोटाशी धरून बसला होता आणि एकच म्हणत होता, "तिका मारू नकात रे. भैन आसा माझी."

बाळाला इस्पितळात नेलं, हवाबीला पोलिसांनी. गाडीत चढताना तिचा ओठ फाटला होता. ती मला म्हणाली, "इल्माक एकटी ठेवू नको." बाळानेही स्ट्रेचरवर पडल्या पडल्या पोरीचंच विचारलं, तिला काय झालंय म्हणून. मी सांगितलं, आणि त्याला तेव्हा उमगलं की आपण काय बोललो. तो रडायला लागला. बोटांसाठी तो रडला नव्हता.

इल्माला मी माझ्या घरी आणलं. माझ्या बायकोला, सावित्रीला, दमा आहे. आमच्याकडे उदबत्तीसुद्धा लावत नाहीत. डेपोवर गुरुवारी ऊद घालतो तेवढाच. सावित्रीने डॉक्टरांचं मलम लावलं, पेज भरवली. इल्माला आईचं काय झालं ते आम्ही सांगितलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

गावात वारं फिरलं होतं. मुसलमान बाईने हिंदू माणसाचा हात तोडला, एवढीच बातमी फोनवर फिरत होती, बिब्बा नाही, बहीण-भाऊ नाही, काही नाही. आचऱ्यातली पोरं नाक्यावर जमायला लागली, इकडची बंदरावर. अशा वेळी मला माणसांची किळस येते. ज्यांनी बाळाला कधी पाणी विचारलं नाही, ते त्याच्या करंगळीसाठी जीव द्यायला निघाले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाळाचा मुलगा ओमकार माझ्या दारात आला. बरोबर चार-पाच जण, हातात लाकडी दांडे आणि सायकलची साखळी. "ती पोरगी खंय आसा?" त्याने विचारलं. मी बर्फ फोडायची पहार घेऊन उंबऱ्यावर उभा राहिलो. मी म्हटलं, "पुढे येशील तर पैलो तुझो गुडघो फोडीन." आणि फोडला असता, खोटं नाही सांगत. ओमकारने माझ्या खांद्यावर दांडा घातला. पहार खाली पडली. इतक्यात इल्मा आतून आली. चेहरा सुजून फुगलेला, गळ्यावर सालपटं, एक डोळा कसाबसा उघडा. तिने विचारलं, "ओमकारदादा, मामाचो हात कसो आसा?"

लहानपणी एकाच पुडीतले काजूगर खाल्लेली पोरं ती. ओमकारने तिच्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. जाता जाता माझ्या स्कूटरवर लाथ मारून ती आडवी केली. माणसाला काहीतरी मोडल्याशिवाय परत जाता येत नाही.

आणि इल्मा बरी व्हायला लागली. सूज उतरली, फोड सुकले, दोन्ही डोळे उघडले. सावित्रीला वाटलं तिच्या पेजेचा गुण. मला वाटलं मलमाचा.

हवाबीला जामीन मिळाला, जामीनदार मीच राहिलो. ती सुटली ती आधी आचऱ्याला गेली. कोठडीचा वास अंगाला होता. तिने आंघोळ केली, दुप्पट लोबान जाळला, तेल कोपरापर्यंत चोळलं आणि मगच पोरीला न्यायला माझ्याकडे आली. दारातच तिने इल्माचं तोंड दोन्ही हातांत धरलं. कितीतरी वेळ धरून ठेवलं. सावित्रीने डोळ्यांना पदर लावला. मी बाहेर जाऊन उगाच स्कूटर पुसत बसलो.

दोन दिवसांनी इल्माचा फोन आला. "गुरूकाका, जरा येशात?" आवाज रडका होता. मी आचऱ्याला गेलो. इल्मा पडवीत बसली होती. तिच्या उजव्या गालावर पाच बोटं उठली होती. लालभडक, फुगलेली, मोजून घ्यावीत अशी. डोकं फिरलं माझं. हवाबी चुलीपाशी होती. मी तिच्या अंगावर धावून गेलो. म्हटलं, "शेवटाक तुझो हात पोरीपर्यंत पोचलो. बाळाक तोडलंस ता कमी पडला?" मी हात उगारला होता. तिने तो अडवला नाही. जिने मला पहिल्या दिवशी कानफटात मारली होती, ती मागे सरून भिंतीला टेकली. "मी नाय मारलंय," ती म्हणत होती. "गुरूदासा, अल्लाची शप्पथ, मी नाय मारलंय."

"काका," इल्मा मागून म्हणाली. "अम्मीन माका मारूक नाय. मायेन तोंड धरल्यान. हो बघा." तिने दुसरा गाल पुढे केला. त्यावरही पाच बोटं. दोन्ही अंगठे डोळ्यांखाली, बाकीची बोटं कानांकडे, मनगटं हनुवटीपाशी. असं कोणी मारत नाही. असं फक्त धरतात.

त्याच दुपारी कुडाळ गाठलं. या वेळी मी आत गेलो. डॉक्टर संचितांनी इल्माचे गाल बघितले आणि मग हवाबीचे हात मागितले. नाकाशी नेले. "हाताला काय लावता?"

"लोबान," हवाबी म्हणाली. "खोबरेलात मुरवलेला."

"मागच्या वेळी मी ऊद विचारला होता."

"ऊद नाय, लोबान," हवाबी पुन्हा म्हणाली.

तेव्हा मला माझा डेपो आठवला. किराणावाला गुरुवारी मला ऊद तोलून देतो. शुक्रवारी हवाबीला लोबान देतो. बरणी एकच. तिच्या पुडीला लोबान म्हणतो, माझ्या पुडीला ऊद, गिऱ्हाईक बघून. हे मी गेली कित्येक वर्षं बघतोय आणि त्यात काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. मी डॉक्टरांना सांगितलं.

त्यांनी इल्माच्या पाठीवर छोट्या छोट्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीखाली वेगळा पदार्थ. दोन दिवसांनी काढल्या. बाकी सगळीकडे कातडी स्वच्छ, एका जागी भाजल्यासारखा ठिपका. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा झाडाचा चीक आहे, वाळवलेला. वास टिकावा म्हणून अत्तरांत, साबणांत, क्रीममध्येही घालतात. लाखो लोकांना काही होत नाही. एखाद्याचं अंग वर्षानुवर्षं सोसतं आणि एक दिवस नाही म्हणतं. एकदा नाही म्हटलं की पुन्हा हो म्हणत नाही. तेल नको, धूर नको, लावणाऱ्याचा हातसुद्धा नको.

"म्हणजे माझोच हात," हवाबी म्हणाली.

चोर सोडून संन्याशाला सुळी, असं आपण सहज म्हणतो. पण चोर आपलाच हात निघाला तर त्याला कुठल्या सुळावर द्यायचं? परत येताना टेम्पोत हवाबी आपला उजवा हात दाराच्या लोखंडावर आपटत होती. पुन्हा पुन्हा, एका लयीत. इल्मा मधे बसली होती. तिला आईचा हात धरता येत नव्हता, म्हणून ती नुसती, "नको गो अम्मी, नको गो," म्हणत होती. हवाबीच्या बोटांची सालं निघाली तेव्हा मी गाडी थांबवली. कसालचा फाटा आला होता. ती म्हणाली, "बाळाकडे घे."

बाळाच्या अंगणात पहिली भेटली ती त्याची बायको तुळसा. हातात खराटा होता. तिने खराटा टाकला आणि हवाबीच्या थोबाडीत दिली. मग दुसरी दिली. मग छातीवर बुक्क्या मारायला लागली, रडत, शिव्या देत. ओमकार दारात उभा राहून बघत होता. हवाबीने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. याकूब गेल्यापासून पहिल्यांदाच ती कोणाचा मार खात उभी होती. शेवटी तुळसाच दमली आणि पायरीवर बसली.

बाळा आतून आला. करंगळी गेली होती, शेजारचं बोट आता वाकत नाही. माडावर चढायचं संपलं. हवाबीने सगळं सांगितलं. लोबान, ऊद, पट्ट्या, पाच बोटं. क्षमा वगैरे शब्द तिच्याकडे नाहीत, कधी नव्हते. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "मार माका."

"बस गो," बाळा म्हणाला. "बिब्बो मी घातलंय ता खरा आसा." मग त्याने सांगितलं. मुझफ्फरला त्याने कसालच्या दुकानात बघितलं होतं, आपल्या सख्ख्या बहिणीला, निदाला, गिऱ्हाइकांसमोर पट्ट्याने मारताना. चहा उशिरा आणला म्हणून. पट्ट्याचं बक्कल तिच्या कानाला लागलं होतं. बाळा सरळ मुझफ्फरच्या बापाकडे गेला आणि म्हणाला, तुमच्या झिलाने इल्मावर एकदा हात उचलला तर तिची आवस तो हात खांद्यापासून उतरवेल, आणि मी कोयत्याला धार लावून देईन. त्यांनी लग्न मोडलं, पण तो निरोप हवाबीकडे पोचायच्या आधी भिकाजी पोचला. इल्मालाही तो मुलगा नकोच होता. ती हे मामाजवळ बोलली होती, आईजवळ बोलायची हिंमत झाली नव्हती.

हवाबी खाली बसली. मग म्हणाली, "ह्या पैला सांगलं असतंस तर तुझा बोट ऱ्हवला असता."

"तू इचारूक होया होता."

"इचारलंय मी."

"काय घातलंस ता इचारलंस," बाळा म्हणाला. "कित्यात घातलंस ता इचारूक नाय."

हवाबीचा हात वर उठला. सवयीने. अर्ध्यात थांबला, आणि तिने तो मांडीखाली दाबून ठेवला. तुळसाने चहा ठेवला. खटला अजून चालू आहे. तारखेला दोघं माझ्याच टेम्पोतून कोर्टात जातात, फिर्यादी पुढे आणि आरोपी मागे, आणि वाटेत भांडतात.

त्या दिवशी घरी आल्या आल्या हवाबीने धुपाटणं दगडावर आपटून फोडलं. तेलाच्या बाटल्या खाडीत. साड्या, उशा, गोधड्या उकळून काढल्या, भिंती धुतल्या. पण त्यानंतर तिने इल्माला हात लावला नाही. ताट लांबून सरकवायची. इल्मा शिंकली तरी हात पाठीमागे न्यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता काही भीती नाही, साध्या बिनवासाच्या साबणाने धुतलेला हात चालेल. हवाबीचा त्या हातावर विश्वास उरला नव्हता. आणि दुसरी गोष्टही होतीच. लोबान गेला तसा मासळीचा वास परत आला. केसांत, नखांत, मनगटांत. चौदा वर्षं हाकललेला वास, साबणाला दाद देत नव्हता.

परवा बर्फाचा रिकामा खोका द्यायला मी संध्याकाळी आचऱ्याला गेलो होतो. हवाबी बाजारातून आली, हात-पाय धुतले आणि पायरीवर बसली, पोरीपासून चार हात लांब. इल्माचे गाल आता स्वच्छ आहेत. कानाजवळ एक फिकट डाग राहिलाय, अंगठ्याएवढा. ती उठली, आईच्या शेजारी येऊन बसली आणि तिचा उजवा हात ओढला. हवाबी हात मागे घ्यायला लागली. जेट्टीवर दोन गडी जिला हलवू शकत नाहीत, तिला त्या पोरीने ओढलं. हात उचलून आपल्या गालावर ठेवला, जिथे ती बोटं उठली होती, बरोब्बर तिथेच.

"मासळेचो वास येता गो," हवाबी म्हणाली.

"येवंदे," इल्मा म्हणाली, आणि हात तसाच दाबून धरला.